पुस्तक मुलांचं, प्रूफं मोठ्यांची

प्राथमिक शाळेतल्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या मजकुराचं वर्गाचं पुस्तक काढावं की नाही, यावर शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि पालकसभांत जो वाद चालतो, तो ऐकला की दोन्ही बाजूंना एकाच बाकावर बसवावंसं वाटतं. एक बाजू म्हणते, चौथीच्या पोराला जोडाक्षर धड येत नाही आणि तुम्ही त्याला लेखक करायला निघालात. ही सगळी फोटो काढून घ्यायची कामं. दुसरी बाजू म्हणते, प्रत्येक मूल जन्मतःच कवी असतं, त्याच्या चुकांना हात लावू नका, उद्याचे खांडेकर यातूनच निघतील. पहिलीला हे पुस्तक चैन वाटते, दुसरीला चमत्कार. पण दोघींच्याही डोक्यात पुस्तक म्हणजे शेवटी जगाला दाखवायची वस्तू. भांडण एवढ्यावरच, की मुलांचा माल दाखवण्यालायक आहे की नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्गाचं पुस्तक काढावं, दर वर्षी काढावं, पहिलीपासून काढावं. लेखक घडवण्याशी किंवा शाळेचं नाव पेपरात येण्याशी त्याचा काही संबंध ठेवू नये. मुलाच्या लिहिण्याला बाईंच्या लाल पेनाखेरीज दुसरा वाचक मिळावा, एवढं एकच कारण त्याला पुरेसं आहे. समोर वाचक आहे म्हटल्यावर मूल आपलं लिहिलेलं परत वाचतं, आणि लिहायला शिकणं तिथून सुरू होतं. हे साधत नसेल तर आर्टपेपरवर चार रंगांत छापलेलं पुस्तक कुचकामी. हे साधत असेल तर दाभणानं शिवलेली पाठकोरी पानंही चालतील. मी छापखाना चालवतो, म्हणजे हे स्वतःच्या धंद्याविरुद्ध बोलतोय, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं.

स्नेहसंमेलनांचे दिवस जवळ आले की कोल्हापुरातल्या छापखान्यांत असली पुस्तकं यायला लागतात. गठ्ठा उघडावा तर सगळा मजकूर एकाच हाताचा, नाहीतर टाइप होऊन पेनड्राइव्हवर आलेला. त्यात चौथीतल्या मुलीला आई म्हणजे वात्सल्याचा अथांग सागर वाटत असते आणि तिसरीतला मुलगा वृक्षतोडीनं व्यथित झालेला असतो. पहिली पानं शुभेच्छांची आणि मनोगतांची. साहेबांचे फोटो अर्ध्या पानाचे, मुलांचे आठ-आठच्या ओळीत, टिकलीएवढे. छपाईचा हिशेब फर्म्यावर चालतो, सोळा पानांचा एक फर्मा. त्याच्या वर दोन पानं गेली की खर्च उडी मारतो आणि मग काय कापायचं असा प्रश्न येतो. मनोगत कापलेलं मी अजून पाहिलेलं नाही. मुलांच्या कविता कापल्या जातात, त्याही मागच्या बाकावरच्यांच्या. प्रूफं, म्हणजे छपाईआधीचे कच्चे नमुने, बघायला मुख्याध्यापक येतात, मराठीचे सर येतात, संस्थेचे सचिव आपलं पदनाम बरोबर पडलंय ना हे फोनवरून दोनदा विचारतात. ज्यानं लिहिलं म्हणून खाली नाव छापलंय, ते मूल काही येत नाही.

तेव्हा विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे, आणि तो मी कसलीही काचकूच न करता मान्य करतो: मुलांची म्हणून निघणारी कितीतरी पुस्तकं मुलांची नसतात. काही मोठ्यांनी लिहिलेली असतात, काही मोठ्यांनी इतकी सुधारलेली असतात की मुलाला स्वतःचं पान ओळखू येऊ नये. पण यावरून निष्कर्ष कुठला काढायचा? दुधात पाणी घालणारे असतात म्हणून पोरांचं दूध कुणी बंद करत नाही. आणि ही भेसळ पकडणं अवघडही नाही. मुलाच्या हातचं पान आहे तसं स्कॅन करून छापा. ऑफसेटला टाइप केलेलं पान आणि हातानं लिहिलेलं पान यात काही फरक नसतो. उलट डीटीपीचे, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवायचे, पैसे वाचतात. झेरॉक्सवर काढलं तर तेवढीही यातायात नको. अक्षर मुलाचं असलं की वात्सल्याचे अथांग सागर आपोआप आटतात, कारण ते हातानं पुरतं लिहून काढायचा मुलालाच कंटाळा येतो.

आपल्याकडे शाळा-कॉलेजांत हस्तलिखितं काढायची जुनी चाल आहे, आणि तिच्याबद्दल बोलताना माणसं हळवी होतात. चाल चांगलीच होती. पण वर्गाच्या पुस्तकाला जो रोग लागलाय त्याचं मूळही तिथंच आहे. ज्याचं अक्षर मोत्यासारखं, त्याच्याकडून सगळं उतरवून घ्यायचं. ज्यांचे निबंध चांगले, त्यांचेच घ्यायचे. बाकीच्यांनी चित्रं चिकटवायची. वर्गात चाळीस मुलं असतील आणि पुस्तकात अकरा असतील, तर उरलेल्या एकोणतीस जणांना त्या पुस्तकानं एकच गोष्ट शिकवली: लिहिणं हे आपलं काम नव्हे. त्यापेक्षा पुस्तक न काढलेलं बरं. सगळ्यांचं एकेक पान, ही अट मोडली की पुढच्या गप्पा व्यर्थ आहेत.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, कारण तो तळमळीच्या शिक्षकांकडून येतो. ते म्हणतात, आधी वाचता येऊ द्या, लिहिणं नंतर बघू. 'असर' ही ग्रामीण मुलांच्या शिक्षणाची देशभरातली पाहणी त्यांच्या बाजूनं उभी आहे. ग्रामीण भारतात २०२२ साली पाचवीतल्या ४३ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. २०२४ साली हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे पाचवीतली निम्मी मुलं अजून दुसरीत अडकलेली. वर दोन शिक्षकांवर चार वर्ग, मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवी ऑनलाइन माहिती. अशात पुस्तक कधी काढायचं, असं एखाद्या बाईंनी विचारलं तर त्यांना सर्जनशीलतेवर प्रवचन देणाऱ्याला आधी त्यांच्या जागी आठवडाभर उभं करावं.

पण या आक्षेपात एक गृहीतक लपलंय. आधी वाचन, मग लेखन, मग कधीतरी स्वतःचं लेखन, असा जिना आहे, आणि खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वर जाता येत नाही. हा जिना कुणी बांधला? न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या बाई माओरी, म्हणजे तिथल्या मूळनिवासी, मुलांच्या बालवर्गाला शिकवत होत्या. छापील वाचनमाला मुलांच्या डोक्यात शिरेना. मग त्या एकेका मुलाला विचारायच्या, तुला आज कुठला शब्द हवा? मूल त्याच्या भीतीतला, मायेतला शब्द सांगायचं, बाई तो कार्डावर लिहून द्यायच्या, आणि तो शब्द मूल विसरायचं नाही. पुढं त्याच शब्दांतून मुलांची स्वतःची वाचायची पुस्तकं झाली. आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गातही हे रोज करून बघता येतं. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद समोर आला की गप्प बसणारं मूल, 'काल आमच्या म्हशीला रेडकू झालं' हे स्वतः सांगितलेलं आणि बाईंनी फळ्यावर लिहिलेलं वाक्य बोट ठेवून वाचतं. सुरुवातीला ते अर्धं आठवणीतून वाचतं, हे खरं. पण वाक्यात काय आहे हे आधीच माहीत असल्यामुळं कुठलं अक्षर कुठं बसलंय हे शोधायला त्याला उसंत मिळते. असली वाक्यं आणि खाली मुलांची चित्रं, अशा पानांचं पुस्तक म्हणजे त्या वर्गाची दुसरी वाचनमाला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वर्गाचं पुस्तक पुढं ढकलणं म्हणजे ज्यांना त्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच रांगेत शेवटी उभं करणं.

आणि 'आधी तयारी होऊ द्या' हा युक्तिवाद कोल्हापुरात तरी जपून वापरावा. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, आणि पुढच्या वर्षी ते पडलं. विरोधकांच्या कारणांत एक कारण हेही होतं की अजून वेळ आलेली नाही, लोक तयार नाहीत. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१७ साली, शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, आणि पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. करवीरची रयत काय इंग्रजांच्या खालसा मुलखातल्या लोकांपेक्षा जास्त तयार होती? शेतावरची कामं इथंही होती, पोरगं गुरामागं गेलं नाही तर इथंही अडत होतं. महाराजांनी तयारीची वाट बघितली असती तर आज 'आधी वाचता येऊ द्या' म्हणणाऱ्यांच्या आजोबा-पणजोबा वाचायला शिकले नसते.

वेळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे, ती इथं लोकांना रुचणार नाही. आपल्या जिल्ह्याला शिष्यवृत्तीचा नाद आहे. गुणवत्ता यादीत किती मुलं लागली यावर शाळेची, सरांची, कधीकधी गावाची इज्जत ठरते. त्यासाठी सकाळचे जादा तास होतात, सुट्टीत वर्ग होतात, आणि त्याला कुणी वेळ नाही म्हणत नाही. ही परीक्षा दोन पेपरांची, दीडशे प्रश्न, तीनशे गुण, सगळे पर्यायी. गोल रंगवायचे. म्हणजे आयुष्यात एकही वाक्य मनानं न लिहिता एखादं मूल जिल्ह्यात पहिलं येऊ शकतं. परीक्षेला मी नावं ठेवत नाही, गरिबाघरची पोरं तिच्यामुळं पुढं आलीत. पण मग वेळ नाही हे कारण खरं नव्हे. ज्याचं मोजमाप होतं त्याला वेळ आहे. मुलाचं स्वतःचं लिहिणं कुणीच मोजत नाही. 'असर'मध्येही तपासलं जातं ते मुख्यतः वाचन आणि गणित. न मोजलेली गोष्ट शिकवायची जबाबदारी कुणावरच नसते, आणि मग दहावीतलं पोरगं रजेचा अर्ज गाइडातून उतरवून काढतं. त्यावर पुन्हा आपणच हळहळतो की आजकालच्या पोरांना चार ओळी लिहिता येत नाहीत.

आता चुकांचं. चुकीचं छापलं तर बाकीची मुलं तेच शिकतील, ही भीती खोटी नाही. छापलेल्या अक्षराचा आपल्याकडे दबदबा आहे. छापून आलंय म्हणजे बरोबर असणार, असं मोठी माणसंही धरून चालतात. पण शुद्धलेखन मुलाला आपण एरवी कशासाठी करायला लावतो? दहा वेळा लिहून आणायची शिक्षा म्हणून. वाचणाऱ्याला अडू नये म्हणून ऱ्हस्व-दीर्घ सांभाळायचं, हे कारण मुलाला कधी दिसतच नाही, कारण त्याचं वाचणारं कुणी नसतं. फ्रान्समध्ये सेलेस्टाँ फ्रेने नावाचा खेड्यातला शिक्षक होता. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला गोळी लागलेली, वर्गात फार वेळ बोलता येईना. १९२४च्या सुमारास त्यानं वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं, आणि मुलं स्वतःचा मजकूर स्वतः खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवून छापायला लागली. खिळ्यांचं काम ज्यानं पाहिलंय त्याला यातली गंमत कळेल. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. प्रत्येक वेलांटी, प्रत्येक उकार कप्प्यातून शोधून, बोटांत धरून, स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या पट्टीत, बसवावा लागतो. नुसत्या डोळ्यांनी वरवरून सरकून जायची सोयच नाही. आमच्याकडचे जुने कंपोझिटर शाळा फार शिकलेले नव्हते, पण त्यांच्या हातून गेलेल्या मजकुरात चूक शोधताना भल्याभल्या प्राध्यापकांची विकेट पडायची. फ्रेनेच्या मुलांनी छापलेली पानं दुसऱ्या गावातल्या शाळेत जायची आणि तिकडची इकडं यायची. अनोळखी मुलं वाचणार आहेत म्हटल्यावर चूक राहिली तर लाज वाटते, आणि ती लाज लाल पेनाच्या भीतीपेक्षा कितीतरी निरोगी असते.

इथं मी दुसऱ्या बाजूशीही भांडणार आहे. 'मुलांच्या लेखनाला हात लावू नका' हे ऐकायला प्रेमळ वाटतं, पण त्यात मुलांना गंभीरपणे न घेण्याचाच प्रकार आहे. ज्याचं नाव घेऊन आपण मिरवतो, त्या प्रत्येक लेखकाच्या मजकुरावर कुणीतरी खुणा केल्या आहेत, त्यानं स्वतः ओळीच्या ओळी खोडल्या आहेत. फक्त मुलालाच आपण म्हणतो, तू लिहिलंस ते उत्तमच आहे. का? कारण त्यानं काय लिहिलंय यात आपल्याला खरा रस नसतो, आपल्याला ते गोड वाटतं एवढंच. इटलीत बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वाडीवर लोरेन्झो मिलानी या पाद्र्यानं शेतकऱ्यांच्या, शाळेनं नापास केलेल्या पोरांसाठी शाळा चालवली. १९६७ साली तिथल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेलं पुस्तक बाहेर आलं आणि तिथल्या शिक्षणव्यवस्थेला चांगलंच झोंबलं. त्यांची लिहिण्याची रीत अगदी कष्टाची होती: प्रत्येकानं सुचेल ते कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायचं, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या असतील त्या काढून टाकायच्या, उरलेल्यांचे गट करायचे, क्रम लावायचा, मग जड शब्द आणि फालतू शब्द कापत बसायचं. दोन वर्ग एकाच खोलीत बसणाऱ्या आपल्या जिल्हा परिषदेच्या विद्या मंदिरात ही रीत उत्तम चालेल. तिला लागतात फक्त चिठ्ठ्या आणि भांडायला मोकळीक.

सुधारणा करताना मात्र चूक कुठली आणि बोली कुठली याचं भान हवं. कोल्हापूरकडची मुलगी घरात 'मी बाजारला गेलतो' म्हणते. तिची आई तसंच म्हणते, आजी तसंच म्हणते. वर्गात ते वाक्य लिहिलं की त्याच्यावर दोन फुल्या पडतात: 'गेलतो'वर एक, आणि मुलगी असून 'गेलतो' म्हणून दुसरी. माझं म्हणणं, बाजारातला जा आणि बा नीट काढायला शिकवा, वाक्य कुठं संपतं ते शिकवा, आणि पाठ्यपुस्तकात हेच कसं लिहितात तेही सांगा. पण तिच्या पानावर 'गेलतो' राहू द्या. पोहायला शिकवताना आम्ही पोराच्या पाठीला डबा बांधून पंचगंगेत सोडतो. डबा हळूहळू सुटतो. घरची बोली हा तो डबा आहे. तो काठावरच काढून घेतला की पोरगं पाण्यात उतरायचंच नाही, आणि आपण म्हणणार, याला पोहायची आवडच नाही.

एवढ्याशा मुलांना सांगण्यासारखं असतं तरी काय, असंही विचारणारे आहेत. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात एका विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. मुक्ता साळवे, पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. मांग-महारांच्या दुःखाबद्दल तिनं लिहिलं, आणि वेदांवर आमचा अधिकार नसेल तर आमचा धर्म कुठला, असा रोकडा प्रश्न विचारला. तिच्या लिहिण्याला पावणेदोनशे वर्षं होत आली तरी उत्तर देताना माणसं अजून चाचरतात. मुक्ता अपवाद होती, मान्य. ती प्राथमिकच्या वयाचीही नव्हती. पण शाळेत तिला गाईवर किंवा माझा आवडता ऋतू यावर लिहायला सांगितलं असतं, तर हा अपवाद आपल्याला कळलाही नसता.

विषय मुलाच्या आवाक्यातला असला की चित्र कसं बदलतं ते बघा. पालकांचा एक आक्षेप असतो की ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत, आई-बाप शिकलेले आहेत, तीच मुलं या पुस्तकात चमकणार. 'पाऊस' किंवा 'मी पक्षी झालो तर' असले विषय दिले की नेमकं हेच होतं. पण 'आमच्या घरातलं काम' असा विषय द्या. करवीर नाहीतर पन्हाळ्याच्या एखाद्या गावात, ज्याचं घर गुऱ्हाळावर चालतं, त्या पोराला विचारा. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, चढला की मळी काढायला भेंडीचं पाणी कधी घालायचं, चुलवाणात चिपाडं घालणाऱ्याचे हात कसे होरपळतात, गूळ करणारा गुळव्या पाक पाण्यात टाकून गोळी वळून बघतो आणि मग सगळ्यांची पळापळ कशी होते, वाफ्यात गूळ ओतल्यावर तिथं कुणी फिरकू का नये. हे त्याला माहीत आहे. डॉक्टरच्या मुलाला माहीत नाही, बाईंनाही पुरतं माहीत नसेल. ज्याला वर्गात 'ढ' म्हणून मागं बसवलंय, त्याला बाई खरोखरचा प्रश्न विचारतात, ज्याचं उत्तर त्यांना ठाऊक नाही, असा तो शाळेतला पहिलाच दिवस असेल. हंगामात ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांची मुलं ज्या शाळांत चार महिने बसतात, तिथं तर हे करून बघायलाच हवं. त्या मुलांच्या पानांत मराठवाड्यातलं गाव येईल, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची रात्र येईल, आणि आपल्या मुलांना साखर कुठून येते ते कळेल.

हे सगळं इतकं मनापासून मांडत असलो तरी एका बाबतीत पुस्तकाचे समर्थक बेफिकीर आहेत, आणि विरोधकांच्याही हे ध्यानात येत नाही. मुलं खरं लिहितात. एकदा एका शाळेच्या बाई चौथीतल्या चार-पाच मुलांना घेऊन आमच्याकडे प्रूफं वाचायला आल्या. असं करणाऱ्या त्या माझ्या पाहण्यातल्या एकट्याच. पोरं आधी कटिंग मशीनभोवती घोटाळली, मग टेबलाशी बसून आपापलं पान शोधायला लागली. एक मुलगा आपलं पान वाचता वाचता थांबला. वडिलांनी बैल का विकला ते त्यानं लिहिलं होतं, सावकाराच्या नावानिशी. वहीत लिहिताना त्याला काही वाटलं नव्हतं. टाइपातलं बघितल्यावर त्यानं विचारलं, हे आमच्या गावात पण वाचतील काय? बाई हो म्हणाल्या. त्यानं पेन मागून घेतलं, नाव खोडलं, मग ती अख्खी ओळ खोडली, आणि बैलाला निरोप देतानाचं राहू दिलं. संपादन काय असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पण प्रूफ बघायला तो आला नसता तर? आमच्या मशीनवरून पाचशे प्रतींत ते नाव गावात गेलं असतं, आणि त्याचा जाब त्याच्या बापाला द्यावा लागला असता.

फ्रेनेच्या बाबतीत तर हे घडलंच. १९३२ साली त्याच्या वर्गातल्या एका मुलानं लिहिलेलं स्वप्न, ज्यात गावच्या मेयरला मारलं जातं, त्याच्या विरोधकांनी पोस्टरं लावून गावात फिरवलं, प्रकरण पेटलं आणि शेवटी फ्रेनेला सरकारी शाळा सोडावी लागली. मुलाचं लिहिणं वर्गातून बाहेर पडलं की ते मोठ्यांच्या भांडणातलं हत्यार होतं. आपल्याकडे तर गाव लहान, भावकी मोठी, आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. शिक्षणहक्क कायद्याच्या २९व्या कलमात मुलाला भयमुक्त करावं, त्याला आपली मतं मोकळेपणानं मांडता यावीत असं म्हटलंय. मोकळेपणाचा हक्क दिला की खोडण्याचा हक्कही द्यावा लागतो. म्हणून वर्गाचं पुस्तक वर्गातच राहावं, पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही, आणि बाहेर काही पाठवायचं तर ज्याचं पान त्याला विचारून. शेवटच्या दिवशीही मूल म्हणालं की माझं हे पान नको, दुसरं घ्या, तर दुसरं घ्यायचं. सोहळा आधी ठरवून ठेवला, पाहुण्यांना आमंत्रणं गेली, की हा हक्क पहिला मरतो. प्रकाशन समारंभाला माझा विरोध आहे तो यासाठी. हारतुऱ्यांच्या खर्चाचा मुद्दा दुय्यम.

हे सगळं प्रयोगशील शाळांत जमतं, साध्या शाळेत नाही, असा शेवटचा एक आक्षेप उरतो. लीलाताई पाटलांनी १९८५ साली याच शहरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हापासून कोल्हापूरकर त्या शाळेचं कौतुकही करतात आणि 'ते त्यांनाच जमतं' म्हणून हातही झटकतात. निवडक शिक्षक, पटणारे पालक, हे तिथं होतं, साध्या शाळेला ते मिळत नाही, हे खरंच. पण एकेका मुलाचं एकेक पान, दोनदा लिहिलेलं, एकदा शेजारच्यानं वाचलेलं, यात असं काय आहे जे कुमार किंवा कन्या विद्या मंदिरात होऊ नये? मराठीच्या तासाला आठवड्यातून एकदा निबंध असतोच. तोच तास इकडं वळवायचा. तपासायच्या वह्या वाढत नाहीत. पहिलं वाचन शेजारचं मूल करतं, त्याला कळलं नाही तिथं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढतं, बाईंकडे दुसरा खर्डा येतो.

वेळापत्रकात एकच बदल सुचवतो. पुस्तक डिसेंबरात नको, पावसाळ्यात हवं. डिसेंबरात निघालेलं पुस्तक संमेलनात वाटलं जातं आणि कपाटात जातं. गणपतीच्या सुट्टीआधी पहिलं पुस्तक शिवून झालं तर वर्गाला ते वाचायला वर्षाचा बराच काळ उरतो, आणि वाचून दुसरं काढता येतं. शिवाय पावसाळ्यात इथल्या मुलांकडे लिहायला विषय असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे नदीकाठच्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतं. २०१९ आणि २०२१चा पूर त्यांच्या घरात अजून बोलला जातो. वर घाटमाथ्यावर गगनबावड्यात पाऊस कोसळतो, कुंभी नदीतून पाणी पंचगंगेत येतं, आणि खाली शिरोळला फारसा पाऊस नसतानाही रानात पाणी शिरतं. गगनबावड्याच्या एका वर्गाचं पुस्तक शिरोळच्या एका वर्गाला आणि तिकडचं इकडं, अशी अदलाबदल, अर्थात ज्याचं पान त्याला विचारून, दोन्हीकडच्या शाळांच्या केंद्रप्रमुखांनी ठरवली तर पोस्टाचाही खर्च नाही. जिल्हा परिषदेत त्यांच्या बैठका होतच असतात. पुस्तकाच्या शेवटी चार पानं कोरी ठेवायची, वाचणाऱ्या वर्गानं त्यावर आपले प्रश्न लिहून पाठवायचे. शिरोळची पोरं पहिला प्रश्न काय विचारतील याचा मला अंदाज आहे, आणि गगनबावड्याच्या पोरांना त्याचं उत्तर द्यायला नकाशा काढून बसावं लागेल.